नऊ कालवडी आणि डोंगराची वाट

"गेला म्हंजी? कुठं गेला?"

"घरला गेला. टोपी घातली, घोडी वळीवली अन् गेला."

"अन् तू काय म्हनलीस त्याला?"

"मी काय म्हननार? नको म्हनलं. दोन डाव नको म्हनलं. तिसऱ्या डावाला हो म्हननार हुते, तवर त्यो गाडीत बसला की."

ऑर्लिननं गाईच्या कुशीला कपाळ टेकलं. हसू दाबायचं असलं की तो असंच करी, आणि चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते कळत नाही असं त्याला वाटे. संध्याकाळची धार चालली होती. गोठ्यात दोन्ही बाजूंनी काळ्याबांड्या गाई ओळीनं बांधलेल्या, यंत्राची फकफक चालू, आणि मधल्या वाटेवर हातात दुधाची बादली घेऊन आर्डिस क्वामे तापलेली उभी.

"अगं, एनॉस शेजारी असला तरी आपल्यातला न्हाई," ऑर्लिन म्हणाला. "आपल्यात कितवं नको खरं असतंय, ते त्याला कसं कळावं?"

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पश्चिम भागात टेकड्यांच्या मधल्या त्या खोऱ्यात सगळी नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती. पणज्यांनी बोटीतून येताना दोन गोष्टी आणल्या, एक सुक्या माशाची आवड आणि दुसरी ही रीत. कुणी कॉफी पुढं केली की नको म्हणायचं. पुन्हा केली की पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं की मान जराशी वाकडी करून, "बरं, घोटभर," म्हणायचं आणि मग तीन कप प्यायची. पहिल्याच फटक्याला हो म्हणणारा हावरा, आणि दोनदा विचारून थांबणारा कंजूष. खोऱ्यातलं पोरगं चालायला लागायच्या आधी हे शिकतं.

आर्डिसचं लग्नही असंच जमलं होतं. गावच्या नाचाच्या हॉलमध्ये ऑर्लिननं दोनदा विचारलं, ती दोनदा नको म्हणाली. तो तिसऱ्यांदा आला. ऑर्लिन अजून ते ऐकवतो.

"मी तिसऱ्यांदा आलो म्हून तू नांदतीयास," आत्ताही त्यानं ऐकवलंच. "एनॉसच्या जागी मी असतो तर तू अजून भिताडाला टेकून हुबी असतीस."

आर्डिसनं बादली ओतली. तिला हसू येण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवारी एक मे होती, आणि शुक्रवारी, उन्हाळ्यातल्या सहलीसाठी धरलेल्या डोंगरातल्या विश्रामगृहाला फोन करून खोल्या पक्क्या करायच्या, नाहीतर सोडायच्या होत्या.

बाईची जात कामाची. त्याच खोऱ्यात पलीकडच्या टेकडीवर जन्मली, एकोणिसाव्या वर्षी अलीकडच्या टेकडीवर आली. एवढाच तिचा प्रवास. बारा वर्षांची असल्यापासून पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला ती गाईखाली बसत आली. पोरगी झाली त्या दिवशीची सकाळची धारही तिनंच काढली होती. हात पुरुषासारखे, मनगटाला खुराची खूण, आणि आवाज असा की पल्याडच्या कुरणातल्या गाईनं मान वर करावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुणाचं लग्न, मयत, ऑपरेशन काही असो, त्यांच्या गोठ्यात आर्डिस हजर. बोलावणं येण्याची वाट तिनं कधी बघितली नाही. बूट चढवायची आणि जायची. बाई थकायची नाही. फक्त कुणी तिच्यासाठी काही करायला आलं की मात्र तिला घाम फुटे.

डोंगर बघायला जायचं तिचं आणि ऑर्लिनचं लग्नापासूनचं ठरलेलं. त्रेपन्न साली निघणार तर वैरणीची टाकी फुटली. बासष्ट साली झाडाखाली उभ्या चार गाईंवर वीज पडली. चौऱ्याहत्तरला डबे भरून गाडीत ठेवले होते आणि कापलेला लसूणघास भिजला. ते डबे पोरांनी ओसरीत बसून खाल्ले. प्रत्येक वेळचे नकाशे स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात गेले. खण आता ओढला तरी निघत नव्हता.

यंदाची गोष्ट वेगळी होती. गेल्या ऑक्टोबरात ऑर्लिनच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं यायला लागलं. ला क्रॉस शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. दोन उन्हाळे धरून चाला, कदाचित एकच.  घरी येऊन अंगणात उतरल्यावर ऑर्लिन एवढंच म्हणाला, "डोंगर कडंकडंनं बगायचा म्हंजी कसा दिसंल गं?" आणि जाऊन गाईंना वैरण टाकली. दुसऱ्या दिवशी त्यानं तीन राज्यांना पत्रं टाकून फुकटचे नकाशे मागवले.

सगळा हिवाळा त्या नकाशांवर गेला. रात्रीची भांडी झाली की ऑर्लिन टेबलावर नकाशा पसरी, भिंग घेई आणि जाड लाल पेन्सिलीनं रस्ता ओढी. बॅडलँड्सचे उघडेबोडके सुळके, मग यलोस्टोनचं जंगल, मग वर ग्लेशियरचे बर्फाळ डोंगर. जाऊन येऊन तीन हजार मैल, सतरा दिवस. लेक रोंडा, जावई आणि दोन नातवंडं शहरातून येऊन मिळणार. जावयाची रजा जूनच्या मध्यापासून, आणि तीही त्यानं मालकाच्या हातापाया पडून घेतलेली. आर्डिसनं कोण कुठं बसणार, कुठल्या दिवशी कुठला डबा उघडायचा, हे सगळं लिहून काढलं. रोंडानं फोनवर विचारलं, "आई, बाबांनी रोज बरोबर पाचलाच मुक्काम का टाकलाय?" आर्डिसनं नकाशा बघितला तर खरंच, मुक्कामाची प्रत्येक जागा अशी बेतलेली की पाच वाजता गाडी थांबावी. तीन हजार मैलांवरही त्या माणसाच्या अंगात धारेची वेळ वाजत होती.

तारखा ठरल्या त्या गवतावर. पंधरा जून ते एक जुलै. लसूणघासाची पहिली कापणी झालेली, दुसरी यायची. ही फट सोडली तर उन्हाळाभर शेतकऱ्याला मान वर करता येत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आर्डिसनं सतरा चौकोन निळ्या पेन्सिलीनं रंगवले.

आता घोळ कसा झाला तो ऐका. क्वाम्यांच्या घरी कॅलेंडरं दोन. एक स्वयंपाकघरात, चर्चनं दिलेलं, त्यावर माणसांचं सगळं. दुसरं गोठ्यात दुधाच्या खोलीत, पेंड विकणाऱ्यानं दिलेलं, त्यावर गाईंचं. कोण कधी फळली, कधी आटवायची, कधी विणार. दोन्ही आर्डिसच लिहायची. दोन्हींवरचा तिचा हिशेब एका दिवसानंही चुकत नसे. पण घरातलं कॅलेंडर तिनं कधी गोठ्यात नेलं नाही, आणि गोठ्यातलं घरात आणायचं तर त्याला वास मारी.

सप्टेंबरात, डोळ्यांचं कळण्याआधी, तिनं रेतनवाल्याला बोलावून नऊ कालवडी दहा-बारा दिवसांत भरवून घेतल्या होत्या. सगळ्या जूनमध्ये हिरव्या कुरणावर विणाव्यात म्हणून. विचार चांगलाच होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पेंडवाला पोती उतरवताना सहज म्हणाला की जूनअखेर तुमच्याकडं दुधाची गंगा येणार तर. आर्डिस हसली, आणि हसता हसता थांबली. ती दुधाच्या खोलीत गेली. पुठ्ठ्याचं चाक काढलं, ज्यात फळल्याची तारीख जुळवली की विण्याची तारीख दिसते. वीस जून, एकवीस, एकवीस, तेवीस. तिथून एक जुलैपर्यंत नऊच्या नऊ. घरात निळे सतरा चौकोन आणि गोठ्यात त्याच चौकोनांत लाल गोल. दोन्हीकडं एकाच बाईचं अक्षर.

धारेची सोय झालेली होती. ऑर्लिनचा भाऊ हार्लन ती सांभाळणार होता. यंत्र लावण्यात हार्लन पटाईत. पण वासराचा पाय बाहेर दिसला की हार्लनचे पाय गळत. मागं एकदा वासरू ओढायला उभा केला तर तो गव्हाणीत आडवा, आणि आर्डिसला आधी वासरू आणि मग दीर असे दोघे बाहेर काढावे लागले. पहिलारू कालवडी, त्याही नऊ. एखादीचं वासरू आडवं आलं, मान मागं मुडपली, तर हात घालणारा माणूस पाहिजे. गुरांचा डॉक्टर चाळीस मैलांवर.

आणि असा हात घालणारा माणूस त्या टेकडीवर एकच. एनॉस बॉर्नट्रेगर. आमिश, त्या साध्या, घोडागाडीतून फिरणाऱ्या, घरात वीज न घेणाऱ्या लोकांतला. बारा वर्षांमागं शेजारी राहायला आला. हात लांब, बोटं बारीक, आणि बोलणं मोजकं. घरी फोन नाही म्हणून लाकूडगिरणीला काही कळवायचं असलं की क्वाम्यांच्या दुधाच्या खोलीतला फोन वापरायला येई. मंगळवारी तो तसाच आला. फोन झाला, आणि समोर भिंतीवर नऊ लाल गोल त्याला दिसले. हार्लनकडून त्यानं प्रवासाचं ऐकलेलं होतंच.

"ह्यात तुमी जानार?" त्यानं विचारलं.

"बगू की," आर्डिस म्हणाली.

"कालवडींचं मी बगीन. रोज तीनदा येईन."

आर्डिसच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तोंडातून जे यायचं तेच आलं. "छे छे, तुझ्यामागं काय कमी हाय का."

"मला जमंल. सकाळी, दुपारी, सांजच्याला."

"न्हाई बाबा, नको. कशाला उगं तुला तरास."

आणि ती थांबली, मान जराशी वाकडी करून. एनॉसनं तिच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

बुधवार असा गेला की आर्डिसनं एकूण एकवीस वेळा रस्ता बघितला. तिला वाटत होतं की तिसऱ्यांदा येईलच. माणूस चांगला आहे, येईल. दुपारी टापा वाजल्या. तिनं घाईघाईनं हात पुसले, कॉफी ठेवली. एनॉसची गाडी फाटकासमोरून गेली, त्यानं हात केला, आणि गाडी पुढं गावाकडं गेली.

"जा अन् सांग त्याला," ऑर्लिन जेवताना म्हणाला.

"मी जाऊ? मागाय?"

"मग हितंच बसून ऱ्हा. खनात जागा न्हाई, ह्या डावाचं नकाशं वर माळ्यावर टाकू."

तो रागानं बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. त्यानं बशीतला बटाटा काट्यानं शोधला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा सापडला. आर्डिसनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

गुरुवारी सकाळची धार आटोपून ती निघाली. रिकाम्या हातानं जायचं कसं म्हणून दालचिनीचा केक बरोबर घेतला. मैलभराच्या वाटेत तिनं तीनदा गाडी हळू केली. मागणं कसं सुरू करायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या गोठ्यात शिरणं सोपं, दारात उभं राहून माझ्या गोठ्यात ये म्हणणं अवघड.

एनॉस मागं कुंपण ठोकत होता. बायको मलिंडानं तिला आत बसवलं. चुलीवर कॉफी उकळत होती, नुकती, दाट, अख्खं घर दरवळलेलं. पहाटे पाचपासून आर्डिसच्या पोटात काही नव्हतं.

"काफी घेतीस?" मलिंडानं विचारलं.

"नको गं, आत्ताच झाली."

मलिंडानं किटली मागं सरकवली आणि पाटावर कणीक मळायला लागली.

आर्डिस खुर्चीत ताठ बसली. दुसरा डाव आलाच नाही. कणकेचे धपके पडत होते, किटलीतून वाफ निघत होती. तिच्या लक्षात आलं की ह्या घरात माणूस नको म्हणाला की त्याला नको असतं, आणि हवं म्हणाला की हवं असतं, आणि इतकंच. बारा वर्षं ती ह्या घरात येत होती, आणि बारा वर्षं तिनं इथं कॉफी प्यायली नव्हती. मलिंडाला वाटत असणार, हिला कॉफी आवडतच नाही.

"मलिंडा," ती म्हणाली, आणि कान तापले, "मला पायजे व्हती काफी."

"मग नको का म्हनलीस?" मलिंडानं कणकेचेच हात घेऊन किटली उचलली. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आर्डिसनं पहिला घोट घेतला आणि तिला सगळं सांगितलं. तीनदाची रीत, मंगळवारचं, कालवडींचं. सांगता सांगता मलिंडाचे खांदे हलायला लागले. तिनं मागच्या दारातून नवऱ्याला हाक मारली. एनॉस हातोडी घेऊन दारात उभा राहिला.

"एनॉस," आर्डिस म्हणाली. तिनं कप टेबलावर ठेवला. "मी तुला मंगळवारी खोटं बोलले. मला तुजी गरज हाय. कालवडी विनार, अन् ऑर्लिनला औंदा डोंगर दाखवायचाय. म्होरल्या साली त्याला दिसायचा न्हाई. तू येशील का?"

"यीन म्हनलं व्हतं की," एनॉस म्हणाला.

"व्हय, पन मी..."

"दोनदा म्हनलं. तू दोनदा नको म्हनलीस. तिसऱ्यांदा इचारलं असतं तर ते पिच्छा पुरवल्यावानी झालं असतं." मग मलिंडानं त्याला त्यांच्या बोलीत काही सांगितलं, आणि त्या गंभीर माणसाची दाढी हलली. "म्हंजी ती गोधडीबी तुला पायजे व्हती?"

आर्डिसला कळेना. मलिंडा आतल्या खोलीत गेली.

सहा वर्षांपूर्वी त्यांची लेक लोविना माळ्यावरून पडली होती. आर्डिसनं तिघांना गाडीत घालून साठ मैलांवरच्या दवाखान्यात नेलं, आणि ती पोर घरी येईपर्यंत नऊ दिवस इथल्या चौदा गाईंची धार हातानं काढली, आपल्या गोठ्यातली आटोपून. नंतर मलिंडानं अख्खा हिवाळा खर्चून गोधडी शिवली आणि घेऊन गेली. आर्डिस म्हणाली, छे छे, कशाला.  मलिंडानं गोधडी घडी करून परत आणली.

ती आता तिनं आणली. निळी आणि गर्द लाल, बारीक टाक्यांची, सहा वर्षं पेटीत राहून देवदाराचा वास लागलेली.

"दुसऱ्या कुनाला दिली न्हाई," मलिंडा म्हणाली. "तुज्या मापाची हाय."

"आमास्नी वाटलं, तुला आमचं काय नकोच," एनॉस म्हणाला. "सहा वर्सं झाली. तू आमच्या गाई काढल्यास, आन् आमाला तुज्या दारात काय करू दिलं न्हाईस. ते जड जातंय, आर्डिस."

हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, आपण घेत नाही म्हणजे आपण कुणावर भार टाकत नाही. समोरच्यावर भार तिथंच साठत होता, पेटीत घडी घालून. तिनं गोधडीवर हात ठेवला. नको म्हणायला तोंड उघडलं होतंच, सवयीनं, ते तिनं मिटलं.

"लई उपकार झाले," ती म्हणाली. "डोंगरात थंडी असती म्हनत्यात."

मग एनॉसनं कामाचं विचारलं. कुठली कालवड अरुंद, कुठली भित्री, दोर कुठं, साबण कुठं. आर्डिसला ते फार बरं वाटलं, कारण ह्या बोलण्यात तिला रस्ता ठाऊक होता. पंधराव्या नंबरची लाथ मारते, तिच्या डाव्या अंगानं जायचं. तिसाव्या नंबरची बहुतेक सगळ्यात आधी विणार. हार्लनला जवळ उभा करायचा नाही. एनॉसनं मान हलवली; हार्लनचं त्याला ठाऊक होतं.

आर्डिस उठली तेव्हा तिची तीन कप कॉफी झाली होती.

घरी येऊन तिनं शुक्रवारची वाट बघितली नाही. दुधाच्या खोलीतूनच विश्रामगृहाला फोन लावला. पलीकडच्या पोरानं विचारलं की खोल्या पक्क्या करायच्या का.

"व्हय," आर्डिस म्हणाली, एकदाच. आणि जरा थांबून, "बिछान्यावर पांघरूण नको देऊ. आमचं हाय."

ऑर्लिन वाळल्या घासाच्या पेंढ्या सोडत होता. तिनं गोधडी त्याच्या हातांवर ठेवली. त्यानं ती तोंडाजवळ नेली, मान जराशी बाजूला वळवून कडेच्या नजरेनं निळा आणि लाल बघितला, मग अंगठ्यानं टाक्यांवरून सावकाश गेला, एका कडेपासून दुसरीपर्यंत.

"किती डाव इचारलं मलिंडानं?"

"एकच डाव," आर्डिस म्हणाली. "सहा वर्सांमागं."

तो काय समजायचं ते समजला. गोधडी तिनं घरात नेऊन गाडीत न्यायच्या सामानावर ठेवली, गोठ्यातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं आणि वास मारत असतानाही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी टांगलं. लाल गोलांखाली तिनं एनॉसचं नाव लिहिलं, नऊ वेळा.

पाच वाजत आले होते. गाई हंबरायला लागल्या. तिनं बूट चढवले, डोक्याला रुमाल बांधला, पंधराव्या नंबरच्या कालवडीच्या पोटावरून जाता जाता हात फिरवला, तिची लाथ चुकवली, आणि पहिल्या गाईखाली जाऊन बसली.